गांधीलमाश्यांचं देणं

मिशिगनमध्ये ऑक्टोबर निम्मा सरला की दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतींवर गांधीलमाश्या जमू लागतात. दुपारचं ऊन भिंतीवर आलं की लाकडी फळ्यांच्या फटींतून एकेक माशी बाहेर येते, अंग शेकते आणि संध्याकाळी पुन्हा फटीत शिरते. यातल्या माद्या म्हणजे पुढच्या वर्षीच्या राण्या. उन्हाळाभर राबलेल्या कामकरी माश्या तोवर संपत आलेल्या असतात, पोळी ओस पडलेली असतात आणि नर मीलन उरकून थंडी पडताच मरतात. मागं उरतात त्या एवढ्याच. वसंतापर्यंत त्यांना ना पोळं, ना पिल्लं, ना शिकार. जवळ असतं ते पोटात साठवलेलं मेद आणि एका इवल्याशा पिशवीत जपलेलं नराचं बीज. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी सगळा हिवाळा काढायचा.

अशा काही राण्यांना थंडीभर सांभाळायचं काम माझ्या वाट्याला आलं. त्या कामानं मला जे दिलं ते मला पुस्तकांतून मिळालं नव्हतं, आणि पुढं आयुष्यात ज्या वेळी त्याची गरज पडली त्या वेळी दुसरं काही हाताशी नव्हतं. हे ऋण कधीतरी लिहून काढायचं होतं.

मी मूळची वाईची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीच्या गावी, मिशिगनला गेले. माझ्या व्हिसावर पगारी काम करता येत नव्हतं. गावातल्या विद्यापीठात गांधीलमाश्यांवर काम करणारी एक छोटी प्रयोगशाळा होती. तिथं मी विनामोबदला मदतीला जाऊ लागले. पदवी होती, पण गांधीलमाशीबद्दल मला जे ठाऊक होतं ते आमच्या वाड्याच्या वळचणीएवढंच. आमच्याकडे पोळं पावसाळ्यात असायचं, दिवाळीला असायचं आणि उन्हाळ्यातही असायचं. त्यामुळे जगात कुठंही गांधीलमाशीचं पोळं बारमाही असतं असंच मी धरून चालले होते. हिवाळा आला की अख्खी वसाहत मोडते आणि एकेकटी राणी तेवढी उरते, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

आमच्या वळचणीतली माशी होती रोपॅलिडिया मार्जिनाटा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग या एका माशीला दिला. तिच्याबद्दल आज जगाला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्यांच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामातून आलं. दक्षिण भारतात तिला थंडीसाठी थांबावं लागत नाही. एक राणी गेली की त्याच पोळ्यातली दुसरी तिची जागा घेते आणि घर चालू राहतं. ही माशी माझ्या डोक्यावर लहानपणभर नांदत होती आणि तिचं नाव मला अमेरिकेत कळलं. याची मला खंत वाटली. ती अजून आहे.

प्रयोगशाळेचं रोजचं काम पाहणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात, शेतावर वाढलेल्या. पदव्या नव्हत्या, पण प्रयोगशाळेतला प्रत्येक कीटक त्यांच्या हाताखालून गेलेला असे. सगळे त्यांना नावानंच हाक मारत. मला ते जमेना. मी मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणत राहिले, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

बाईंनी मला आधी माश्या धरायला शिकवलं. ऊन उतरत असताना जायचं, कारण तेव्हा त्या मंदावलेल्या असतात. भिंतीवरच्या माशीवर प्लास्टिकची नळी हलकेच ठेवायची, ती स्वतःच वर चढते, मग बूच लावायचं. नर कसा ओळखायचा तेही दाखवलं. त्याच्या मिशांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात, चेहरा फिकट पिवळा असतो आणि त्याला नांगी नसते. मादीच्या मिशा सरळ. आमच्याकडची मुख्य जात पॉलिस्टीस फस्केटस, अंगानं तपकिरी आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावरची पिवळी-तांबडी नक्षी वेगळी. शेजारच्या भिंतींवर युरोपातून आलेली, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची पॉलिस्टीस डोमिन्यूलाही असायची. ती अमेरिकेत पसरू लागली १९८०च्या सुमारास, बॉस्टनच्या बाजूनं.

धरलेल्या माद्यांना काही दिवस नरांसोबत उजेडात ठेवायचं, मधाचं पाणी भरपूर द्यायचं. मग प्रत्येकीला बारीक तराजूवर तोलायचं आणि पाठीवर रंगाचे ठिपके द्यायचे. डावीकडे एक, उजवीकडे एक, म्हणजे रंगांच्या जोडीवरून ती पुढं ओळखता येते. बाईंचा तोलण्यावर फार भर. कोण किती मेद घेऊन हिवाळ्यात उतरते आहे ते कागदावर आलंच पाहिजे, असं त्या म्हणत. हलक्या निघालेल्या माश्यांना आणखी आठवडाभर खायला घालत.

यानंतर थंडी. ती एकदम द्यायची नाही. आधी तळघरात काही दिवस, मग फ्रिजमध्ये, चार अंश सेल्सिअसच्या आसपास, अंधारात. फ्रिज जुना होता आणि तो मुद्दाम ठेवलेला होता. नव्या फ्रिजमध्ये बर्फ आपोआप वितळवायची सोय असते, त्यानं आतली हवा फार कोरडी होते आणि माश्या वाळून मरतात. उलट डब्यात ओल जास्त झाली की बुरशी धरते. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची म्हणून डब्याच्या एका कोपऱ्यात ओलसर स्पंजचा तुकडा, दुसऱ्या कोपऱ्यात साखरेचा खडा, मध्ये घडी घातलेला पुठ्ठा आणि झाकणाला बारीक भोकं. पुठ्ठ्याच्या घडीत त्या एकमेकींना खेटून बसत. रानात झाडाच्या सालीखाली किंवा घराच्या माळ्यावर बसतात, तशाच.

मला सुरुवातीला हे क्रूर वाटायचं. जिवंत जीव फ्रिजमध्ये! मी बाईंना विचारलं, यांना खोलीत, उबेला ठेवलं तर काय बिघडतं? त्यांनी समजावून सांगितलं. माशीचं अंग बाहेरच्या हवेइतकंच तापतं. उबेत ती जागी होते, चालते, फडफडते आणि प्रत्येक हालचालीला मेद जाळते. पिल्लं वाढवायला जे वसंतात लागणार आहे ते डिसेंबरातच संपवून बसते. थंडीत मात्र तिचा खर्च जवळजवळ थांबतो. बाहेरच्या माश्यांचंही तेच. हिवाळ्याच्या मध्येच चार दिवस ऊब पडली की त्यांचं नुकसान होतं, सलग गारठा त्यांना मानवतो. "तिला ऊब देणं म्हणजे तिच्या पिशवीतून चोरणं," एवढं बोलून त्या कामाला लागल्या.

मग हिवाळाभर माझं काम उरलं पाहण्याचं. तेही अधूनमधून, झटपट, दार फार वेळ उघडं न ठेवता. डबा हातात धरायचा तो कडेनं, कारण तळहाताची ऊबसुद्धा आत पोचते. जिवंत कोण आणि मेलेली कोण हे न उठवता ओळखायचं. जिवंत माशीच्या मिशा चेहऱ्याशी दुमडून घेतलेल्या असतात, पाय अंगाखाली ओढलेले असतात आणि नख्या पुठ्ठ्याच्या तंतूंत रुतलेल्या असतात. डबा किंचित कलता केला तरी ती घसरत नाही. मेलेली घसरते. हे पाहताना मी श्वास रोखून धरायची. ती सवय मला बाईंनी लावली नव्हती, आपोआप लागली. उच्छ्वासाची ऊब लागली तरी एखादीची मिशी थरथरते, हे मी पाहिलेलं होतं.

मला घरात ज्या संस्कारांनी वाढवलं त्यात माया म्हणजे हात. आजारी माणसाच्या कपाळावर हात, बाळाच्या अंगाला तेल, पाहुण्याच्या पानात आग्रहाची आणखी एक पोळी. त्या संस्कारांचं मोल मी कमी लेखत नाही. पण कुणाला सांभाळायचं तर कधी कधी हात आवरावा लागतो आणि तो आवरायला लक्ष दुप्पट लागतं, हे मी त्या फ्रिजपाशी शिकले.

एका जानेवारीत गारठलेल्या पावसाचं वादळ आलं. झाडांवर, तारांवर बर्फ साचला आणि गावाची वीज गेली. विद्यापीठाच्या इमारतीतले हीटर बंद पडले. सुट्टीचे दिवस होते, किल्ली माझ्याकडे होती. आमच्या घरी लाकडं जाळायची शेगडी होती, म्हणून मी ठरवलं की डबे घरी आणावेत, निदान गोठून मरणार तरी नाहीत. निघण्याआधी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दार उघडू नकोस. घरी नेलंस तर जाग्या होतील. फ्रिज जसा आतली थंडी बाहेर जाऊ देत नाही, तसा बाहेरची थंडीही आत येऊ देत नाही. दार बंद ठेव आणि खोलीतल्या तापमापकाकडे बघत बस."

मी गेले आणि कोट घालून त्या खोलीत बसले. खोलीतला पारा उतरत चालला होता. फ्रिजच्या दाराला हात लावायची इच्छा किती वेळा झाली ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी वीज आली. आतल्या तापमापकाचा आकडा दोनेक अंशांपलीकडे हललेला नव्हता. राण्या होत्या तशाच होत्या, मिशा दुमडून.

त्या हिवाळ्यात बाईंनी मला वाचायला एक जाड पुस्तिका दिली होती. मेरी जेन वेस्ट-एबरहार्ड यांचा गांधीलमाश्यांच्या समाजजीवनावरचा हा प्रबंध मिशिगन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयानं १९६९ मध्ये छापला. आमच्या डब्यांतली पॉलिस्टीस फस्केटस हीच त्याची एक नायिका. त्याआधी, १९४०च्या दशकात, इटलीत लिओ पार्दी यांनी दाखवून दिलं होतं की एका पोळ्यावर जमलेल्या राण्यांमध्ये वरिष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड ठरते. एम.एस्सी.ला मी हे सगळं दोन ओळींत पाठ केलं होतं. आता ते ज्यांच्याबद्दल होतं त्या पलीकडच्या खोलीत झोपलेल्या होत्या. वाचताना मी पान उलटायची ते हळू.

मार्चच्या अखेरीस डबे बाहेर निघाले. आधी गार खोली, मग नेहमीची, मग दिवे, दिवसाचे चौदा तास उजेड. प्रथम पाणी द्यायचं, कारण जाग्या झालेल्या माश्या सगळ्यात आधी पाण्याकडे जातात. त्या पुन्हा तराजूवर आल्या तेव्हा बहुतेक हलक्या झालेल्या होत्या. काही उठल्याच नाहीत. त्यांची नोंद बाईंनी त्याच अक्षरात, त्याच वहीत केली.

मग प्रत्येकीला वेगळा जाळीचा पिंजरा, मेणकिड्याच्या अळ्या, साखर, पाणी आणि पोळं बांधायला हस्तकलेचा जाड कागद. मी एकीला निळा कागद दिला होता. ती त्यावर उलटी चालत मागं सरकायची आणि जबड्यानं कागदाचा पापुद्रा खरवडायची. तो आवाज ऐकू यायचा. लगदा तोंडाखाली गोळी करून घ्यायची, लाळेनं भिजवायची आणि छताला चिकटवायची. आधी देठ झाला, काळसर आणि चकचकीत. त्याच्या टोकाला पहिली वाटी आली, निळी. त्या वाटीच्या आत तळाशी नाही, कडेला, एक पांढरं अंडं चिकटवलेलं होतं. मधूनच ती पोटाचं टोक देठावर घासायची. त्या स्रावामुळे मुंग्या देठावरून खाली येत नाहीत. पिंजऱ्यात मुंग्या नव्हत्या, पण तिनं ते सोडलं नाही. पाच महिने जिच्या नख्या पुठ्ठ्यात रुतलेल्या मी पाहिल्या होत्या, तिच्या पाठीवर तेच दोन ठिपके होते, एक पांढरा आणि एक नारिंगी.

एलिझाबेथ टिबेट्स यांनी २००२ मध्ये दाखवलं की या जातीच्या माश्या एकमेकींना चेहऱ्यावरून ओळखतात. एकीच्या चेहऱ्यावर रंगाचा ठिपका देऊन नक्षी बदलली की तिच्या पोळ्यातल्या ओळखीच्या माश्याही तिच्याशी परक्यासारख्या भांडू लागतात. पुढं २००८ मध्ये मायकेल शीहान आणि टिबेट्स यांनी हेही दाखवलं की एकदा भेटलेली माशी त्यांना आठवडाभरानंतरही आठवते, मधल्या काळात इतर बऱ्याच भेटल्या तरी. हे वाचलं तेव्हा मला पुठ्ठ्याच्या घडीत खेटून बसलेल्या राण्या आठवल्या. त्यांच्यातली कोण कोणाला ओळखत असेल ते मी कधी पाहू शकले नाही, पण मला स्वतःला त्या चेहऱ्यांवरून ओळखू येऊ लागल्या होत्या, ठिपके न पाहता.

आणखी एका लेखानं मला धरून ठेवलं. जेम्स हंट आणि ग्रो आम्दाम यांनी २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलं की राणी आणि कामकरी हा फरकच मुळात हिवाळ्यातल्या या थांबण्यातून आलेला असावा. वसंतात वाढणाऱ्या अळ्यांना खाणं कमी मिळतं, त्या लगेच कामाला लागतात. उन्हाळ्याच्या शेवटी वाढलेल्या अळ्यांना भरपूर मिळतं, त्या थांबू शकतात. जिला थांबता येतं ती राणी होते. मी तोवर थांबण्याकडे वाया गेलेला काळ म्हणून पाहत होते, माझ्या स्वतःच्याही. व्हिसामुळे घरी बसलेल्या त्या वर्षांचं ओझं या एका कल्पनेनं बरंच उतरलं.

पुढं माझा मुलगा दिवस भरायच्या बराच आधी जन्मला. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. माझी आई वाईहून आली होती. ती पेटीशी उभी राहून म्हणायची, "अगं, नुसता पायाला हात लावू दे की." नर्स समजावायच्या, त्याची सगळी कामं एकदम उरकायची आणि मग बराच वेळ कुणी हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही, उजेड कमी ठेवायचा. हात लागला की तो दचकतो, त्याची ताकद त्यात जाते. ती त्याला वाढायला लागणार आहे. आईला ते पटवणं अवघड गेलं. मला पटवावं लागलं नाही. मी पेटीच्या कडेला हात ठेवून बसायची आणि त्याच्या छातीची हालचाल बघायची. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी त्याला छातीशी घेतलं, त्याआधी नाही.

माश्यांची आणि मुलाची बरोबरी मला करायची नाही. त्यांना थंडी हवी होती, त्याला ऊब. पण त्या खुर्चीत न ढळता बसायचं बळ मला कुठून आलं ते मी जाणते. बाई तोवर निवृत्त होऊन उत्तरेला गेल्या होत्या. मी त्यांना हे सगळं पत्रात लिहिलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. त्यात विचारलं होतं, बाळाचं वजन आता किती आहे?

मुलगा थोडा मोठा झाल्यावर आम्ही परतलो. मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवते. इथं फ्रिज लागत नाही. विद्यार्थी वळचणीखालच्या रोपॅलिडियाच्या पोळ्यासमोर वही घेऊन बसतात, मी मागं उभी असते. राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच, म्हणून पहिले काही दिवस त्यांना काही कळत नाही. मी लगेच सांगत नाही. बांबूला चिंधी गुंडाळून, रॉकेल टाकून पोळी जाळायची रीत आमच्याही घरी होती. आता शेजारी मला आधी बोलावतात. पोळं जाण्यायेण्याच्या वाटेवर नसेल तर ते राहू देतात. एक पोळं बागेतल्या किती अळ्या उचलून नेतं ते त्यांनी स्वतः पाहिलं आहे.

थंड मुलखात राहणाऱ्या मराठी माणसांना माझी एक विनंती आहे. डिसेंबर-जानेवारीत माळ्यावर किंवा खिडकीच्या काचेवर एखादी गांधीलमाशी संथपणे चालताना दिसेल. घरातल्या हीटरच्या उबेनं ती अवेळी जागी झालेली राणी असते. तिला राखायला पोळं नाही, म्हणून ती अंगावर येत नाही. मात्र चिमटीत धरलं तर डंख मारू शकते. तिला मारू नका, बर्फातही टाकू नका. साखरपाण्याचा एक थेंब द्या, तेवढा तिला पिऊ द्या. मग एका डब्यात पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, कागद सरकवून तिला त्यात घ्या, झाकणाला बारीक भोकं पाडा आणि डबा गॅरेजमध्ये, जिथं हीटरची ऊब पोचत नाही अशा जागी ठेवा. मध्ये उघडून पाहू नका. एप्रिलमध्ये, पहिली फुलं दिसली की एखाद्या दुपारी डबा उन्हात नेऊन झाकण काढून ठेवा.